चटणी, पान चौदा

सुगराच्या नावावरून शेजारच्या शालूबाईंनी एक विनोद करून ठेवला होता. "बाप घाईत हुता काय गं तुझा? 'सुगरण' म्हणायचं हुतं, शेवटचा 'ण' वाटंत सांडला!" सुगरा हसून सोडून देई, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती मॅट्रिक झाली होती, टायपिंगच्या दोन परीक्षा पास होती, पण माहेरी चूल थोरल्या बहिणींच्या ताब्यात राहिली. लग्न होऊन कोल्हापूरजवळच्या उचगावात आली तेव्हा सासू होती, आणि सासूच्या हाताला चव होती. सत्त्याहत्तर साली सासू गेली. नवरा शमशुद्दीन ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात उरले सासरे मीरासाब, पोस्टातून निवृत्त झालेले.

पुढच्या वर्षी जानेवारीत शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघाली. मीरासाबांनी नाही म्हटलं नाही. अट घातली.

"तीन म्हैने बघू. सांजची नमाज पढून आलो की सात वाजता ताट पायजे. सकाळचं गरम करून न्हाय चालायचं. एक सांज जरी चुकली, तर हापिस बंद."

"व्हय, अब्बा," सुगरा म्हणाली.

बसनं घरी पोचायला तिला सव्वासहा होत. ऑफिसातल्या इनामदारबाईंच्या खणात पुण्याच्या कुणा लेखिकेचं, अर्ध्या तासात जेवण शिकवणारं पुस्तक होतं. पुस्तकाला डाग पडेल म्हणून बाई ते घरी नेऊ देत नसत. सुगरा रोज डबा खाल्ल्यावर एक प्रकार उतरून घेई, खराब झालेल्या टाइप कागदाच्या पाठीवर. घरी तो कागद पिठाच्या डब्यात, झाकणाखाली ठेवी. लपवायचं कारण होतं. रेडिओवर पाककृती लागली की मीरासाब म्हणत, "लिवून घिऊन रांधायला जेवान म्हंजे काय मनीआर्डर हाय?"

ती अगदी कागदाबरहुकूम करी. स्टोला पंप मारायचा, शेजारी गजराचं घड्याळ ठेवायचं, एकच स्टीलची वाटी मापाला. पिठलं, मुगाची खिचडी, टोमॅटोचं सार, अंड्याचा रस्सा. अडीच महिने एक सांज चुकली नाही. मीरासाब जेवत आणि उठत. चांगलं नाही, वाईट नाही.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात एका गुरुवारी ती घरी आली तर ओट्यावर कुरुंदवाडचे हंबीरराव बसलेले. मीरासाबांचे पोस्टातले जुने दोस्त.

"हंबीरराव जेवूनच जानार," मीरासाब म्हणाले, आणि नमाजेला गेले.

त्या दिवशीचा कागद होता चटणीभाताचा. दोन माणसांचं प्रमाण होतं. तीन जेवणार, त्यात एक पावणं. सुगरानं सगळं दुप्पट धरलं. तांदूळ, बटाटे, कांदे. खाली शेवटची ओळ: 'पाव वाटी चटणी (पान १४) घालून पाच मिनिटे झाकण ठेवावे.' चटणीसाठी पान कशाला बघायचं? गिरणीतल्या डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणाची लालभडक चटणी बरणीत होती की. अर्धी वाटी भरताना हात जरा थांबला. पुण्याची माणसं एवढं तिखट खातात? पण अडीच महिन्यांत पुस्तक एकदाही खोटं पडलं नव्हतं. तिनं वाटी उपडी केली.

सातला ताटं पडली. हंबीररावांनी पहिला घास घेतला आणि तांब्या जवळ ओढला. दुसऱ्या घासाला कान लाल झाले. तिसऱ्याला उचकी लागली.

"मीरासाब," ते तांब्या खाली ठेवत म्हणाले, "सून फौंड्रीत टायपिंग करतीया का भट्टी सांभाळतीया?"

मीरासाब टॉवेलनं नाक पुसत होते. सुगरानं घरात होतं तेवढं दही आणून वाढलं. हंबीररावांनी दह्यात कालवून आणखी भात मागून घेतला. "सोडायचा न्हाय. इरेला पडलोय आता," म्हणाले, आणि आठच्या बसला गेले.

सुगरा खरकटं काढू लागली. ताट सातला पडलं होतं खरं, पण असलं ताट सासरे हिशेबात धरतील का? धरलं नाही, तर उद्याची बस चुकलीच.

मीरासाब सरळ स्वयंपाकघरात आले. पिठाच्या डब्याचं झाकण काढून त्यांनी कागद घेतला आणि चष्मा लावून वाचला.

"हितं पान चौदा लिवलंय. ते कुठं हाय?"

"ते न्हाय उतरलं, अब्बा. पुण्याच्या बाईंचं पुस्तक हाय, हापिसात असतंय. चटणी घरात हुती न्हवं."

"पुण्याची चटणी हिरवी असतीया. खोबरं-कोथमीर वाटून. आमचा पोस्टमास्तर डब्यात आनायचा."

सुगरानं हातातली खरकटी ताटं खाली ठेवली. "कागदाचं तुमास्नी कवापास्नं ठावं?"

"पैल्या आठवड्यापास्नं. गिरनीतनं पीठ आनून डब्यात कोन भरतंय? मीच की." त्यांना उचकी आली. ती जिरेपर्यंत थांबले, मग कागद पुन्हा डब्यात ठेवून झाकण लावलं.

"उद्या हापिसात गेलीस की चौदावं पान उतरून आन," ते म्हणाले. "आन् येताना दही."