पडलेला गडी
मशीनच्या कॉफीचा करपट वास आला की खराडीच्या ऑफिसातली ती दुपार आठवते. जेवणानंतर आम्ही मोबाइलवर लढाईचा खेळ खेळायचो आणि नव्यांना शिकवायचं काम माझ्याकडे असायचं. विदर्भातून आलेली एक मुलगी आपला गडी पडला की त्याला उचलायला हमखास मागे वळायची आणि स्वतःही मरायची. "अगं, हा खेळ आहे, दवाखाना नाही. पडलेल्याला सोड, पुढे पळ!" मी खेकसलो. "काहून सोडू जी? जिवंत आहे ना तो अजून!" ती म्हणाली. त्याच आठवड्यात तिला कामावरून काढलं. दारातून तिने सवयीने मागे वळून पाहिलं. आम्ही स्क्रीनमध्ये डोळे घालून बसलो होतो. परवा माझी पाळी आली. दारातून मीही वळून पाहिलं. मी शिकवलेल्या सगळ्यांना खेळ पक्का येत होता.