तितराची अंडी

वलगावची एक भाजीवाली दर रविवारी आमच्यासोबत माळावरचं गवत राखायला येते. आम्ही सगळे हौसेनं, बिनपगारी. घरातला पहिला पदवीधर मी, तोही वनस्पतिशास्त्राचा. पण काडी चावून गवताचं नाव सांगते ती, आणि वनाधिकारीही तिलाच विचारतात. मी आतून जळतो.

परवा मी कुंपणाच्या खांबासाठी खड्डा खणायला लागलो, तर तिनं कुदळच धरली. “काहून खंदून राह्यले भाऊ? डोये फुटले का? तितराची अंडी हायेत तिथं!”

अधिकारी आले. “कोणाला दिसली?”

“या भाऊले,” ती लगेच म्हणाली. “शिकेल माणूस हाय.”

त्यांनी माझी पाठ थोपटली. मी मान डोलावली. ज्या शाबासकीसाठी मी वर्षभर झुरलो, ती तिनं सहज देऊन टाकली. आता मला तिच्या त्या सहजपणाचाही हेवा वाटतो.