उघड्या पत्र्याला उघडा हात नाही

आमच्या गॅरेजात येणारा प्रत्येक जण गाडीकडे बोट दाखवून एकच वाक्य बोलतो, "एवढासाच डाग आहे हो." मग नितीन, म्हणजे माझा नवरा, ग्राइंडर लावतो आणि रंगाखालून वीतभर गंज निघतो. किस्सेही असेच जमतात. एक सांगायला घेतला की त्याच्या कडेने दुसरा सुटायला लागतो.

अंबडचं हे डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी उभं केलं. लेक ओवी झाल्यावर मी नोकरी सोडली. आता इथे टेबलावर बसते, फोन घेते आणि काळजी करते. त्यातल्या शेवटच्या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही.

सध्याची काळजी आप्पांच्या बोटांची आहे. शुगरमुळे बोटांची जाणीव चालली आहे, असं डॉक्टर म्हणाले. आप्पा म्हणाले, डॉक्टर नवीन आहे. आणि आमचं तर सगळं दुकान त्या बोटांवर. घासलेला पत्रा सपाट झाला की नाही, हे आप्पा डोळे मिटून, मलमलीच्या फडक्यावरून तळवा फिरवून सांगतात. ते "हं" म्हणाले की मगच रंग.

*

बोटं जागी होती तेव्हाचा किस्सा. कळवणचे एक काका आले. दाराच्या खालच्या कडेला रंगावर हरभऱ्याएवढा फुगा. "नुसता टचअप मारा दादा, बाकी गाडी लय कडक हे."

आप्पांनी फुग्यावर अंगठा ठेवला, जरासा दाबला आणि अंगठा आरपार.

काका हादरले. "भोक पाडलं ना तुम्ही!"

"मी नाही पाडलं," आप्पा शांतपणे म्हणाले. "ते होतं. मी फक्त आत गेलो."

*

पंचवटीतल्या एका गुरुजींच्या बॉनेटवर वर्षानुवर्षं ओलं कुंकू, पूजेचं पाणी आणि कुजके हार. रंग उडून गंज धरलेला. गंज आज काढा म्हणाले, पण रंगाखालचा प्रायमर गुरुवारी, मधे अमावास्या आहे.

आप्पांनी समजावलं. गंज घासून पत्रा चकचकीत झाला की त्याच दिवशी प्रायमर मारायचा. तोवर त्याला हातसुद्धा लावायचा नाही, घामाने पुन्हा गंज धरतो. 'उघड्या पत्र्याला उघडा हात नाही' हा आमच्याकडचा पहिला नियम. गुरुजी ऐकेनात.

"गुरुजी, गंज पंचांग पाळत नाही."

गुरुजींनी बॉनेटवरचं बोटाला लागलेलं कुंकू पुसलं. मग म्हणाले, "यजमान तरी कुठे पाळतात हल्ली. मारा."

*

गंगापूर रोडच्या एका मॅडमच्या डिकीवर 'गाडीत बाळ आहे' असा गोड पिवळा स्टिकर. नितीनने तो काढायला घेतला तर मॅडम नको नको म्हणायला लागल्या. काढला. खाली पोळीएवढा गंज!

मी उगाच विषय बदलायला विचारलं, बाळ केवढं आहे?

"बारावीला," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. मी जरा कमी हसले. रोज संध्याकाळी मीही आप्पांना म्हणतेच की, "आजचं काम अगदी आरशासारखं झालंय हं." माझाही स्टिकरच.

*

ओवीचा किस्सा सांगताना मला अजून लाज वाटते. श्रावणातली दमट दुपार, लाइट गेलेली, कॉम्प्रेसर बंद, म्हणून प्रायमर राहिलेला. माझा डोळा चुकवून ओवीने उघड्या पत्र्यावर हात टेकवला. सकाळी तिथे तांबूस, इवलासा पंजा उमटलेला. पाचही बोटं स्पष्ट.

मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. गंज आहे, ओवीला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला आणू का?

"जखम कुठे झालीय?"

"पत्र्याला," मी म्हणाले.

आप्पांनी मात्र तो पंजा घासायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून घेतला.

*

मग एक दिवस मी चहा दिला. गरम स्टीलचा पेला, मला पदराने धरावा लागला. आप्पांनी तो मुठीत धरला आणि निवांत बोलत राहिले. मी नितीनकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

त्यानंतर आप्पा जेवायला गेले की नितीन त्यांनी 'हं' म्हटलेला पत्रा गुपचूप पुन्हा घासायचा. एकदा आप्पा लवकर परतले.

"काय चाललंय?"

"धूळ पुसतोय, आप्पा."

आप्पांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "पॉलिश पेपरने?"

नितीनने पेपर खिशात कोंबला. जेवणाचे डबे धुताना मला उगाच वाटत राहिलं, की माणसाला हे सांगायची काहीतरी बरी रीत असेल आणि ती मलाच ठाऊक नसेल.

*

परवाची गोष्ट. संध्याकाळी पुन्हा लाइट गेली. एक बॉनेट घासून उघडं राहिलं. आम्ही घरी निघालो, कुलूप लावायला आप्पा मागे थांबले.

सकाळी शटर उघडलं तर बॉनेटच्या मधोमध गंजाचा पंजा. मोठा, पुरुषाचा, जोर देऊन टेकवलेला. मधलं बोट अर्धंच.

आप्पांचं मधलं बोट तरुणपणी बॉनेटखाली सापडून तुटलं होतं. गॅरेजात अर्ध्या बोटाचा दुसरा माणूस नाही.

नितीन पॉलिश पेपर आणायला धावला, पण तेवढ्यात आप्पा आले. बॉनेटसमोर उभे राहिले.

"कुणी हात लावला?"

नितीन खाली बघत होता. माझ्या एका हातात ओवीचा डबा होता, दुसरा मोकळा. तो मी पाठीमागे घेतला.

"मी लावला, आप्पा. चुकून."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग पंज्याकडे. स्वतःचा उजवा हात त्यांनी सावकाश खिशात घातला. डाव्या हाताने खांद्यावरचं मलमलीचं फडकं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"मग हे तुझ्याकडेच ठेव, पोरी," ते म्हणाले. "नितीनचं घासून झालं की हात फिरव. आणि कसं लागतंय ते मला सांग."