काटेवाल्यांच्या तीनचाकीचे शॉकअप

बाजारातले झाडून सगळे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला काटेवाले नाही तर काय म्हणणार? तीस वर्षं दुकानदारांच्या काट्यांतली दोन-दोन ग्रॅमची लबाडी पकडणाऱ्या या गृहस्थांचा जीव मात्र घरामागच्या शेडमधल्या तीनचाकीत अडकलेला. पुढे एक चाक, मागे दोन, तिन्ही कलिंगडासारखी फुगीर. चिखल, वाळू, दगडधोंडे, काही म्हणजे काही वर्ज्य नाही. गाडीचं वय वर्षं चाळीस. ती बनवणाऱ्यांना पुढच्या चाकाला स्प्रिंग द्यायचं सुचलंच नव्हतं. सगळा दणका टायरने खायचा, आणि टायरचं पोट भरलं की उरलेला बसणाऱ्याने.

मागच्या वर्षी तो उरलेला दणका काटेवाल्यांच्या बायकोने खाल्ला. टेकडीवरच्या तळ्याकडे जाताना. पंधरा दिवस ती पालथी झोपून होती, आणि तशीच पडल्या पडल्या तिने निकाल सुनावला, "पुन्हा एकदा बसेन. एकदाच. कंबरेला जरा जरी कळलं, तर ही गाडी माझ्या भावाच्या अंगणात."

मेहुणा टपूनच बसला होता.

काटेवाले कामाला लागले. भंगारातल्या मोटारसायकलचे पुढचे शॉकअप आणले. जाड टायर त्यांच्या मधे मावेना, म्हणून लेथवाल्याकडून रुंद क्लॅम्प कातून घेतले. एकदा नव्हे, तीनदा.

"काटेवाले," लेथवाला म्हणाला, "आमची ही विचारते, तुम्ही नक्की बाजारात कामाला आहात की आमच्याकडे?"

राहिली स्प्रिंग. तिच्या डोक्यावर नळीचा तुकडा ठेवायचा. तुकडा जितका लांब, तितकी गाडी ताठ. किती लांब, ते बसणाऱ्यांच्या वजनावर. काटेवाल्यांची पद्धत शास्त्रशुद्ध. दोघांच्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवायची आणि गाडीचं नाक किती दबतं ते मोजायचं. पण त्यासाठी बायकोला वजन विचारायला हवं! दोन दिवस ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन परत गेले.

"काय हवंय?" शेवटी तिनेच विचारलं.

"नाही, म्हणजे, गाडीसाठी... तुझं साधारण..."

"अडुसष्ट," ती कांदा चिरता चिरता म्हणाली. "सकाळीच तुमच्या काट्यावर उभी राहिले होते. त्यात एवढं लाजायचं काय?"

पोती भरली. एक अडुसष्टचं, एक बहात्तरचं. नाक अगदी हवं तेवढं, दोन बोटं दबलं.

रविवारी सकाळी स्वारी निघाली. चाकोऱ्या गेल्या, खड्डे गेले. "बरं आहे हो!" मागून आवाज आला आणि काटेवाल्यांची छाती फुगली. पुढच्याच कोरड्या ओढ्यात शॉकअप पार तळाला जाऊन ठक्कन वाजले. बायको खाली उतरली. एक हात कंबरेवर.

"कळलं," ती म्हणाली.

काटेवाले वाद घालणाऱ्यांतले नव्हते. घरी आल्यावर जेवण उरकून ते मुकाट्याने गाडीचे पाने डब्यात भरू लागले. मेहुण्याला लागतील म्हणून. बायकोला ते बघवेना. ती शेडमध्ये आली आणि तिची नजर पोत्यांवर गेली.

"हे कोण?"

"तू."

"आणि हे?"

"मी. बहात्तर."

"कधीचे?"

"म्हणजे काय? लग्नात बहात्तरच होतो."

"काट्यावर उभे राहा."

"आत्ताच जेवलोय."

"उभे राहा म्हणते ना!"

एक्क्याण्णव! काटेवाले उतरले, काट्याखाली वाकून पाहिलं. "बिघडलाय."

"कालच तुम्ही दुरुस्त केलात."

बायको इतकी हसली, इतकी हसली, की तिला त्या पोत्यावरच बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, "एकोणीस किलोची थाप तुम्ही मारलीत, शिक्षा गाडीला का? आणा ते फावडं."

तिने त्यांचं पोतं धरलं, त्यांनी वाळू भरली. नाक पार खाली गेलं. मग नळीचे लांब तुकडे कापून, बसवून, पुन्हा मोजून, नाक दोन बोटांवर आणलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच ओढा. काटेवाल्यांनी श्वास रोखला, बायकोने डोळे मिटले. गाडीचं नाक खाली गेलं, अलगद वर आलं. ठक् नाही की ठिक् नाही. गाडी थेट तळ्यापर्यंत गेली.

तिथून बायकोने भावाला फोन लावला. "अरे, दोरखंड घेऊन येऊ नकोस. गाडी आम्ही ठेवतोय," ती म्हणाली. "हो, हेही आहेत. यांना न्यायचं असेल तर मात्र टेम्पो आण."