पळसाखालचा बुद्ध

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि सासूनं घरातले देव स्वतःच्या हातानं टोपलीत भरून नदीत सोडले. सोडले खरे, पण त्यानंतर बाईचं मन घरात लागेना. रिकाम्या कोनाड्यासमोर बसून राहायची. "देव गेल्याचं दुःख नाही व माय," म्हणायची, "पण सांजच्याला दिवा कोनापुढं लावू?" घास घशाखाली उतरत नसे तिच्या. मला फार वाईट वाटायचं.

मी तेव्हा मुकुटबनकडच्या त्या गावात नवी सून. माहेरी भिंत सारवून झाली की तिच्यावर पोपट, मोर काढायचे, तेवढीच माझी चित्रकला. बुद्धजयंती आली. वंदनेला सगळी वस्ती आमच्याच घरी जमणार होती. म्हटलं, कोनाड्यात बुद्ध काढू. चुना, काजळी, गेरू आणि पळसाची वाळलेली फुलं उकळून केलेला रंग, एवढ्यावर दिवसभर खपले. बुद्ध बसला, त्याच्या डोक्यावर केशरी फुलांचं झाड आलं. काय खुशीत होते मी!

घरधनी वावरातून आले आणि त्यांनी कपाळाला हातच लावला. "अवं, हे काय करून ठेवलं? हा तर पळस हाय! बुद्धाचं झाड पिंपळ असते, एवढंबी माहीत नाही तुले? उद्या लोक हासतीन. पुसून टाक!"

माझं तोंड एवढंसं झालं. झाड म्हटलं की माझ्या हाताला पळसच यायचा. वस्तीमागं नुसते पळस. गावात पिंपळ एकच, देवळापुढच्या पारावर. मेलेली ढोरं ओढायचं काम आम्ही सोडलं, तेव्हापासून गावकरी त्या वाटेनंही जाऊ देत नव्हते. विहिरीवर तर डोकी फुटली होती. माहेरीही तेच. कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

मी चुन्याची बादली उचलली. तोच सासू दारातून ओरडली, "ठेव ते खाली!" भिंतीशी आली, निरखून पाहिलं आणि लेकाकडं वळली.

"काहून पुसाले लावतं रे तिले? त्या पिंपळाखाली आपल्याले बसू देतेत काय? मंग ह्याले एकट्याले तिथं कायले धाडतं? राहू दे आपल्यापाशी."

घरधन्यांनी बादली उचलून बाहेर नेऊन ठेवली. सासूनं दिवा लावला, हात जोडले आणि त्या सांजेला वरून भाकर मागून घेऊन पोटभर जेवली.

पुढं पुष्कळ चित्रं काढली, पिंपळही काढले. बुद्धाला मात्र मी पळसाखालून उठवलं नाही.