न वाजणारी पदकं

युद्ध संपल्याच्या स्मरणार्थ दर पाच वर्षांनी मॉस्कोहून नवं पदक यायचं. गावच्या कचेरीतर्फे मी ते येफिम आजोबांच्या कोटाला लावायची, आणि ते घरी जाऊन त्याच्यामागे चिंधी शिवायचे.

एकदा मी चिडलेच. "अहो आजोबा, बाकीचे म्हातारे मुद्दाम खुळखुळवत मिरवतात. तुम्हालाच कसली लाज?"

"पोरी, टेहळणीला जर्मनांच्या हद्दीत शिरण्याआधी आम्ही उड्या मारून बघायचो, अंगावर काही वाजतंय का. एकदा मी आळस केला. माझा चमचा वाजला. गेलो सहा जण, परतलो मी एकटा."

परवा त्यांच्या अंत्ययात्रेत रिवाजाप्रमाणे त्यांची पदकं लावलेली लाल उशी घेऊन मी पुढे होते. शेवटच्या पदकाला चिंधी लावायची राहून गेली होती. दफनभूमीपर्यंत मी ते अंगठ्याखाली दाबून धरलं.