धूर न चालणारा देव

आधीच सांगते, मी देवळात जाऊन हात जोडणारी मुलगी नव्हते. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते आहे. डोंगर वाचवा, खाडी वाचवा, जनसुनावणीची कागदपत्रं मराठीत द्या, माहिती दडवणाऱ्यांचा जाहीर निषेध. पनवेलच्या एसटी स्टँडवर उभं राहून मी ती वाटली आहेत आणि पाचच मिनिटांत त्यांत चणे-शेंगदाणे बांधले गेलेलेही पाहिले आहेत. देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या गोष्टींवरही एक पत्रक काढलं होतं. त्यातली भाषा आज मलाच वाचवत नाही. त्यामुळे हा अनुभव लिहिताना हात अडखळतो. यातून मला काही सिद्ध करायचं नाही. जे घडलं ते तसंच लिहिते, कारण काही झाकून ठेवायचा अधिकार मी त्या दिवशी गमावला.

उलव्याच्या बाजूला एक गाव आहे. तिथला डोंगर एका खाणवाल्याने फोडून सपाट केला. आम्ही गावकऱ्यांबरोबर दोन वर्षं भांडलो आणि हरलो. हरल्यावर मोठी माणसं आपापल्या कामाला लागली, पण तिथल्या मुलांचं मला राहून राहून वाटायचं. त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे सुरुंगाचा धडाका आणि ताटाभांड्यांवर बसणारी पांढरी धूळ. म्हणून मी ठरवलं, गावातल्या चौदा मुलामुलींना सह्याद्रीतल्या एका राष्ट्रीय उद्यानात न्यायचं, दोन रात्री तंबूत राहायचं आणि न फोडलेला डोंगर कसा असतो ते त्यांना दाखवायचं. उद्यानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक मोबाइल घेऊन तिथे धावतील, आणि पुढचं वाचल्यावर ते का नको हे कळेल.

जागा ठरवायला मी पहिल्यांदा एकटीच गेले. तिथल्या वनरक्षकाने मला तासभर चढवून एका सपाटीवर नेलं. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि समोर एकामागे एक डोंगरांच्या रांगा, एकही कापलेला नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं की तंबू इथेच. वनरक्षकाने कड्याकडे बोट केलं. वर कपारीखाली काळे, हातभर लांब पट्टे लोंबत होते. आग्या मोहोळ. तो म्हणाला, धूर नको, सेंट नको, आरडाओरडा नको, मग त्या माश्या तुमच्या वाटेला जात नाहीत; पण मी तुमच्या जागी असतो तर तंबू खाली विश्रामगृहाच्या आवारात ठोकले असते. मी मान हलवली. परत येताना पूर्ण वाट मी स्वतःशी एकच घोकत होते, की मुलांना आधीच बजावून ठेवलं की झालं. विश्रामगृहाच्या आवारातून काय दिसतं? पाण्याची टाकी.

घरी येऊन पालकांसाठी माहितीपत्रक टाइप करायला बसले. टॉर्च आणा, जाड मोजे आणा, औषधं आणा. सातवा मुद्दा मोहोळाचा होता. तो मी लिहिला, वाचला आणि खोडून टाकला. पालकांनी तो वाचला असता तर एकानेही मूल पाठवलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मनाशी म्हटलं, आदल्या दिवशी मुलांना तोंडी सांगू. गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर बैठक झाली तेव्हा वंदनाताईंनी मला सरळ विचारलं होतं, तिथे काही भीतीचं नाही ना? त्यांना रिया ही एकच मुलगी. नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, सासर-माहेर दोन्ही मिठागरवाल्यांचं. मी म्हटलं, काही नाही. हे दोन शब्द मी इतक्या सहज उच्चारले की त्यांनी लगेच यादीत रियाचं नाव घालायला सांगितलं.

त्या दिवसापासून मला झोप धड लागेना. दिवसाही, बाजारात तंबूची चौकशी करत असताना, मध्येच काय विचारत होते ते विसरायचे. जेवतानाही ताट अर्धवट टाकून उठायचे. आईला वाटलं अ‍ॅसिडिटी आहे. वाघ, साप, दरी, अंधार, सगळ्यावर माझ्याकडे उपायांची यादी होती. भीती एकाच गोष्टीची होती आणि तीच मला कोणाजवळ बोलता येत नव्हती. दुसऱ्यांनी एक कागद दाबला म्हणून मी तहसीलदारांच्या दारात बसून घसा फोडला होता. इथे तर मी स्वतःच एक ओळ दाबली होती.

मग गावातून निरोप आला की मुलं न्यायच्या आधी दोन मोठी माणसं जागा बघून येतील. एका रविवारी सकाळी पळस्प्याला भेटून आम्ही जीपने निघालो. मी, वंदनाताई, आणि गावातले धर्माकाका. काकांचं वय पासष्टीच्या पुढे, मिठागरं गेल्यावर चार खोल्या बांधून भाड्याने दिलेल्या, आणि गावदेवीचं सगळं तेच बघतात. वाटेत त्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. म्हणाले, या ताईचा देवावर विश्वास नाय, पण सरकारच्या उत्तरावर हाय, दर महिन्याला पत्र टाकते. वंदनाताई खूप हसल्या. मीही हसले. जीपच्या खिडकीतून मात्र मी फक्त प्रत्येक कडा बघत होते.

वर पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. सपाटीच्या कडेला एका झाडाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. पहिल्या खेपेला मी तो पाहिला होता आणि विसरलेही होते. धर्माकाका मात्र डोंगरांकडे न बघता थेट त्या दगडासमोर बसले. पिशवीतून नारळ काढला, मग मातीचं धुपाटणं, गोवरीचा तुकडा आणि उदाची पुडी. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या लोकांची रीत आहे, परक्या रानात पाऊल टाकलं की आधी तिथल्या राखणदाराला उदाचा मान द्यायचा. ही रीत मला ठाऊक होती. तिच्यावर मी पत्रकात तीन ओळी लिहिल्या होत्या. तरीही मोहोळ आणि ही माणसं यांचा विचार करताना ती माझ्या डोक्यात आली नाही. शिबिराच्या दिवशी चौदा आयांनी चौदा पुड्या मुलांच्या पिशवीत घातल्या असत्या, आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता.

काकांनी आधी नारळ फोडला. मग गोवरी मांडली, उदाची पुडी सोडली आणि काडी ओढली. ती मोडली. दुसरी फुरफुरून विझली. तिसरी नुसतीच घासली गेली. कोणी म्हणेल, नारळाचं पाणी काडेपेटीवर सांडलं होतं. सांडलं होतं, मी पाहिलं. काका पुटपुटले, आणि वंदनाताई म्हणाल्या की थांबा, माझ्या पर्समध्ये दुसरी काडेपेटी हाय. त्या पर्स उचकू लागल्या. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. डोक्यावर, कड्याच्या सावलीत, ते काळे पट्टे स्वच्छ दिसत होते. फक्त तोंड उघडायचं होतं. “नको” एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की का नको, आणि मग तुला कधीपासून माहीत होतं. मोर्चात हजार माणसांपुढे माझा आवाज फुटतो. तिथे दोन माणसांपुढे तो फुटेना. मला माझी लाज जिवापेक्षा मोठी वाटत होती, आणि जीव माझा एकटीचाही नव्हता.

पर्समधून काडेपेटी बाहेर आली. तेव्हा मी त्या शेंदरी दगडाकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, शब्द न जुळवता, मनात म्हटलं, मला बोलता येत नाहीये, तू बोल.

“थांब रं भाऊ.”

मागच्या पायवाटेवर एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल, अंगाने काटक, कमरेवर पाण्याची कळशी. वंदनाताईंचा हात काडेपेटीवर तसाच थांबला. बाई पुढे आली, काकांच्या समोरचं धुपाटणं तिने पायाने नव्हे, हाताने, अगदी अदबीने बाजूला सरकवलं आणि त्या दगडावर पाणी घातलं. हलक्या आवाजात म्हणाली, “ह्या देवाला धूर चालत न्हाई. पाणी घालायचं, फूल ठेवायचं, अन् हळू बोलायचं.” मग हनुवटी वर करून तिने कडा दाखवला.

आम्ही तिघांनी वर पाहिलं. एका पट्ट्यावरून माश्यांची लाट सरकत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू कोणी काळं कापड झटकलं. काकांच्या हातातून उदाची पुडी पडली. पडल्याचा आवाजसुद्धा मला मोठा वाटला. वंदनाताईंनी माझा दंड धरला होता. बाईने ऊद मातीसकट मुठीत गोळा करून पुडीत बांधला, काकांच्या पिशवीत ठेवला आणि आमच्या पुढे चालायला लागली. आम्ही खाली मान घालून तिच्या मागे. वाट वळते तिथे ती थांबली. मी तिला विचारलं, तुम्ही आज कशा आलात? ती म्हणाली, रोजच येते, देवाला पाणी घालायला. आज उशीर झाला, कळशी वाटेत एकदा लवंडली, म्हणून परत झऱ्यावर गेले होते. एवढं सांगून ती तिच्या पाड्याकडे उतरली. तिची कळशी लवंडली नसती तर ती आमच्या आधीच येऊन गेली असती. मला याच्यापुढे विचार करता येत नाही, आणि करायचाही नाही.

विश्रामगृहाच्या पायरीवर बसल्यावर मी सांगितलं. वनरक्षक काय म्हणाला होता, मी कुठली ओळ लिहून खोडली, बैठकीत काय उत्तर दिलं, सगळं. बाजू मांडायची मला सवय आहे, त्या दिवशी एकही बाजू मांडली नाही. वंदनाताईंनी पाण्याची बाटली खाली ठेवली आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. मग काका म्हणाले, “खाणवाल्यानं पण आमाला हेच सांगितला होता. घाबरू नका, काय नाय.” त्यांचा आवाज चढलाही नाही. मला आजवर मिळालेल्या शिव्यांपैकी एकही इतकी आत गेलेली नाही. पळस्प्याला जीप थांबेपर्यंत वंदनाताई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. उतरल्यावरही नाही.

गुरुवारी संध्याकाळी गावदेवीच्या ओट्यावर पुन्हा बैठक झाली. मी नवीन माहितीपत्रक नेलं होतं, त्यात मोहोळ पहिल्या क्रमांकावर होतं. पण कागद वाटण्याआधी मी उभी राहून पुन्हा सगळं तोंडाने सांगितलं. एक आजोबा म्हणाले, शिकलेल्या पोरी अशाच. एका आईने मुलाचं नाव काढायला सांगितलं, तिच्यामागे आणखी चौघींनी. मी प्रत्येक नाव त्यांच्यासमोर काढलं. आधीची मी असते तर त्यांना समजावत बसले असते, नियम सांगितले असते, न फोडलेल्या डोंगराचं भाषण केलं असतं. त्या दिवशी तसं काही करावंसं वाटलं नाही. शिबिर होईल की मोडेल, हे माझ्या मुठीत नव्हतं, आणि मूठ उघडल्यावर कितीतरी दिवसांनी मला पूर्ण श्वास घेता आला. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मी पूर्वी लिहिलं आहे. ते चूक होतं. मी जे घट्ट दाबून ठेवलं होतं ते इतरांच्या पुढ्यात ठेवणं, आणि मग त्यांनी जे ठरवलं ते मान्य करणं, मला तरी शरण जाणं एवढंच कळलं आहे.

वंदनाताई शेवटी बोलल्या. म्हणाल्या, रिया जाईल. तंबू खालच्या आवारात, वर मुलांना न्यायचं ते घटकाभर डोंगर बघायला, ते पण ऊद-अगरबत्ती कोणाकडे नाय ना हे मी स्वतः पिशव्या उघडून बघितल्यावर. “मी पण येणार. आणि तिथं तू सांगशील तसा नाय करायचा. ती पाणी घालणारी बाई सांगल तसा.” मी म्हटलं, चालेल. खरंच चालणार होतं. दुसऱ्याच दिवशी वनरक्षकाला फोन करून त्या बाईंना निरोप दिला. त्यांनी होकार कळवला.

परवा सकाळी निघायचं आहे. भीती गेलेली नाही. हे लिहितानाही ती लाट डोळ्यांसमोरून सरकते आहे. पण आता ती भीती माझ्या एकटीची नाही, आम्ही सगळे ती मिळून बाळगतो आहोत, आणि त्यामुळे ती कामाची झाली आहे. त्या दगडाचे, त्या बाईंचे आणि त्या लवंडलेल्या कळशीचे उपकार मला शब्दांत मांडता येत नाहीत. जे बोलणं माझ्या तोंडून निघालं नाही ते त्या देवाने दुसऱ्या तोंडून वदवलं, एवढंच मी मानते.

काल काकांनी मला देवळात बोलावलं. म्हणाले, पोरं नेणारी तू, तर गावदेवीला नावं तूच सांग. मला गाऱ्हाणं घालता येत नाही. मी हात जोडून नुसती नऊ नावं घेतली, मग रियाच्या आईचं, मग काकांचं, आणि म्हटलं की मला फार भीती वाटते आहे, लक्ष असू दे. मी मागे वळणार तोच वंदनाताई दारातून म्हणाल्या, “तुझा पण नाव सांग.”

मी सांगितलं.